मांडवी कधी रिकामी होणार, त्याची तारीख सांगा

प्रति,
मा. महापौर आणि सर्व नगरसेवक,
पणजी महानगरपालिका

सादर नमस्कार.

मी पणजीत जन्मले, इथल्याच मळा या भागात वाढले, आणि गेली तीस वर्षं या शहरातल्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. राजकारणाशी माझा संबंध मत देण्यापुरता. पण गेले काही महिने आम्ही काही शेजारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरोघर फिरतो आहोत. मांडवीतली कॅसिनो जहाजं हटवा, या मागणीवर सह्या घेतो. दारात उभं राहिल्यावर लोक जे बोलतात ते तुमच्या सभागृहापर्यंत पोचत नसावं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

बहुतेक घरांत सही मिळते. सही करता करता माणूस एक गोष्ट हमखास विचारतो: "पण ती जहाजं जाणारच होती ना?"

मला या प्रश्नाचं फार वाईट वाटतं. ज्यांनी वर्षानुवर्षं या जहाजांविरुद्ध आवाज उठवला, सबिना मार्टिन्स यांच्यासारख्या बायांनी जुगाराविरुद्ध सामान्य माणसांची संघटना उभी केली, त्या सगळ्यांचं म्हणणं लोकांना पटलेलं आहे. इतकं पटलेलं आहे की लोकांना वाटतं, निर्णय झालाच आहे, आता फक्त अंमल बाकी आहे. विरोधात असताना जहाजं हटवू म्हणणारे सत्तेत आले. सत्तेत आल्यावर पर्यायी जागा मिळेपर्यंत म्हणून मुदतवाढ देऊ लागले. कधी सहा महिन्यांची, ती संपली की पुन्हा सहा महिन्यांची. जहाजं तिथेच आहेत. सहा.

आमच्या हिशेबाच्या धंद्यात एक उचंत खातं असतं. एखादी रक्कम कुठे दाखवायची ते ठरत नाही तेव्हा ती तात्पुरती उचंत खात्यात टाकायची, आणि वर्ष संपायच्या आत तिचा निकाल लावायचा. चांगला लेखापरीक्षक आला की तो वही उघडून आधी तेच खातं बघतो. तिथे तीच रक्कम तिसऱ्या वर्षी दिसली तर तो पेन खाली ठेवतो आणि मालकाला बोलावतो. कारण तीन वर्षं पडून राहिलेली रक्कम तात्पुरती नसते, कुणालातरी ती तशीच ठेवायची असते. मांडवीतली जहाजं या राज्याच्या उचंत खात्यात पडली आहेत, आणि मालकाला बोलावणारं कुणी नाही. मुदतवाढ देणाऱ्याला कधीच म्हणावं लागत नाही की "मी कॅसिनो नदीत कायम ठेवले." तो म्हणतो, आणखी सहा महिने. सहा महिन्यांसाठी कोण मोर्चा काढणार?

आता कायद्याकडे वळते. गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा, आणि तो मुळात जुगार रोखायला केलेला. १९९२ साली त्यात १३-अ हे कलम घातलं आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन चालवायला वाट करून दिली. १९९६ साली त्याच कलमात टेबलावरचे खेळ आणि किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या जहाजांवरचा जुगार आला. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की त्याच १९७६ साली शेजारी महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा, त्यांच्यावर कर बसवणारा कायदा केला होता. तो कायदा कधी लागूच झाला नाही. दशकांमागून दशकं तो पुस्तकात पडून राहिला, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने तो रद्द केला. म्हणजे ज्यांनी परवानगीचा कायदा केला त्यांच्याकडे एकही कॅसिनो उभा राहिला नाही, आणि ज्यांनी बंदीचा कायदा केला त्यांच्या राजधानीसमोर सहा उभे आहेत.

"किनाऱ्यापासून दूर" हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तुम्ही कधी दयानंद बांदोडकर मार्गाच्या फुटपाथवर संध्याकाळी उभे राहा. समोरच्या जहाजावरची अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात. पलीकडे रेइश मागूशचा किल्ला आहे, बेतीचा धक्का आहे, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं, कारण मध्ये रोषणाई आहे. समुद्राचं नाव घेऊन दिलेला परवाना शहराच्या नदीत येऊन बसला. ही नदी संसदेने २०१६ साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर केली आहे, ६८ क्रमांकाचा. वाहतुकीसाठी.

१९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होते. बाबा पलीकडे पर्वरीला कामाला जायचे. त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा पाहिलं की अख्खं शहर नदीवर अवलंबून असतं म्हणजे काय. फेरीबोटीच्या धक्क्यावर छत्र्यांची रांग, मासळीच्या पाट्या, दुधाचे कॅन, दप्तरं, सायकली. बाबांना यायला उशीर झाला की आई आम्हाला घेऊन धक्क्यावर जायची आणि आम्ही पाण्याकडे बघत उभे राहायचो. एकेक बोट दिसली की "ह्यात असतील" म्हणायचं. नदी कुणाची हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नसता. आज त्याच काठावर मी उभी राहते तेव्हा जहाजाकडे जाणाऱ्या पाहुण्यांना वाट करून देण्यासाठी मला बाजूला व्हायला सांगतात. सांगणारा मुलगा नम्र असतो, त्याचा दोष नाही. पण मी बाजूला होते, आणि घरी येईपर्यंत तेच मनात घोळत राहतं.

जुलै २०१७ मध्ये यांतलंच एक येऊ घातलेलं जहाज आत येताना भरकटलं आणि मिरामारच्या वाळूत रुतलं. कित्येक आठवडे ते तिथे कलंडून होतं. शहराने ते रोज येता-जाता पाहिलं. नदीच्या मुखाशी, भर पावसाळ्यात, एवढं धूड आणायची परवानगी कुणी आणि का दिली, हे तेव्हा बाजारात प्रत्येक जण विचारत होता. मग ते निघालं आणि प्रश्नही विरला.

आता जे सांगायचं आहे ते मी वहीतून सांगते, कारण मला तेच येतं. एका कापड दुकानाचे हिशेब माझ्याकडे होते. वडील-मुलगा दोघं मिळून चालवायचे, चवथीच्या आधी पाय ठेवायला जागा नसायची. ही गोष्ट गोमंतकीयांना जहाजांवर बंदी यायच्या आधीची. रोजकीर्दीत मला शनिवारी उचल दिसू लागली. घरखर्चाची उचल मी हजारदा लिहिली आहे, ती कधी सरळ आकड्यात नसते. साडेआठशे, बाराशे चाळीस, अशी असते. ही उचल मात्र पाच हजार, दहा हजार, पंधरा हजार. सगळी शून्यं. मी विचारलं तर मुलगा म्हणाला, माल बुक केला. मालाची बिलं आली नाहीत. पुढे गिऱ्हाइकांकडून येणं वसूल झालं आणि जमेला आलंच नाही. वडिलांनी एके दिवशी दुकान बंद झाल्यावर मला थांबवलं आणि म्हणाले, "ताई, उचल माझ्या नावावर लिही. त्याच्या नको." मी लिहिली. ते मी करायला नको होतं, हे आज मला कळतं. दोन वर्षांनी चवथीच्या तोंडावर त्यांनी माल पडत्या भावात काढला आणि दुकान दुसऱ्याला दिलं. दुकानाच्या वहीत शेवटपर्यंत जुगार हा शब्द कुठेच नव्हता.

वैद्यकशास्त्राने जुगाराच्या या ओढीला व्यसनांच्या गटात घातलं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात ती दारू आणि अमली पदार्थांच्या शेजारी आहे. पण दारू प्यायलेला माणूस घरी आला की कळतो. जुगाराला वास नसतो. कळतं तेव्हा बँकेचं पत्र आलेलं असतं.

सरकारलाही हे कळलं होतं. म्हणूनच गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश नको, अशी तरतूद २०१२ सालीच कायद्यात केली गेली. ती लागू व्हायला १ फेब्रुवारी २०२० उजाडला, पण लागू झाली. मी त्या दिवशी समाधान मानलं होतं. नंतर विचार करू लागले तसं ते समाधान टिकेना. आपल्या मुलांसाठी जे घातक म्हणून दार बंद केलं, तेच दार पाहुण्यांसाठी उघडं ठेवायचं, याचा अर्थ काय? मोनॅकोही स्वतःच्या नागरिकांना आपल्या कॅसिनोत खेळू देत नाही. सिंगापूरने २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडले तेव्हापासून आपल्या लोकांना आत जायला प्रवेशशुल्क ठेवलं आहे, आज ते दिवसाला दीडशे सिंगापुरी डॉलर आहे, आणि कुटुंबाला अर्ज करून घरच्या माणसाचा प्रवेश बंद करून घेता येतो. ज्यांनी कॅसिनोंवर पैसा मिळवला तेच त्यांना आपल्या घरापासून सर्वांत दूर ठेवतात. बेळगाव, हुबळी, पुणे, हैदराबादहून येणारा जो माणूस शनिवारी रात्री आपल्या धक्क्यावरून बोटीत चढतो, त्याच्याही घरी कुणीतरी वही लिहीत असणार. त्या वहीतली सरळ आकड्यांची उचल आपल्या गावात पोचते. पाहुण्याशी असं वागणं आपल्या घरांत शिकवलेलं नाही.

नशिबाचा खेळ आहे, एखादा जिंकतोही, असं दारात मला एकाने सांगितलं. जिंकतो, हे खरं आहे. पण रुलेटच्या, म्हणजे आकड्यांच्या घरांवर गोटी फिरवायच्या चाकाचा हिशेब अगदी साधा आहे. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो लागला, तर लावलेले शंभर धरून ३६०० हातात येतात. प्रत्येक घरावर शंभर लावले तर द्यावे लागतात ३७००. ते उरलेले शंभर चालवणाऱ्याचे. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातून सरासरी पावणेतीनच्या आसपास रुपये त्याचे. दोन शून्यांचं चाक असेल तर सव्वापाचच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खेळणारा तेच पैसे रात्रभर फिरवत राहतो, आणि प्रत्येक फेरीला तेवढा वाटा कापला जातो. शंभर रुपये पन्नास वेळा लावले की पाच हजारांची उलाढाल होते, आणि सरासरीने १३५ रुपये गेलेले असतात, म्हणजे मूळ शंभरापेक्षा जास्त. यात नशीब खेळणाऱ्याचं असतं, चालवणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

महसुलाचा मुद्दा तुम्ही मांडाल. मांडायलाच हवा, शहर चालवायला पैसा लागतो. पण कुणाचा महसूल? ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोवर पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. देशाने ज्या वरच्या टप्प्यात हा धंदा नेऊन ठेवला तो टप्पा चैनीच्या आणि घातक गोष्टींचा आहे. तो कर निम्मा केंद्राला जातो, निम्मा राज्याला. परवाना राज्याच्या गृह खात्याचा, मुदतवाढ मंत्रिमंडळाची. आणि शहराच्या वाट्याला काय येतं? पहाटे दोन-तीनला रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्या, हॉर्न, बाटल्या, कचरा, धक्क्यावरची गर्दी. ज्येष्ठांना संध्याकाळी कांपालपर्यंत चालत जाणं नकोसं झालं आहे. हा खर्च कुठल्या खात्यात लिहिता, ते मला तुमच्या अंदाजपत्रकात सापडलं नाही.

नोकऱ्यांबद्दल मात्र मी सावकाश बोलणार आहे, कारण ते मला सगळ्यांत अवघड वाटतं. आमच्याच वाड्यातली एक मुलगी जहाजावर कामाला आहे. घरात मिळवणारी ती एकटी. सह्या घ्यायला आम्ही तिच्या दारी गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "सही करते, पण आधी सांगा, हिला कुठे लावणार?" आम्ही कागद मिटला आणि परत आलो. तिच्या प्रश्नाला उत्तर न देता सही मागायचा आम्हाला अधिकार नव्हता. त्या रात्री आम्ही ठरवलं की आमच्या मागणीत कामगारांचं पुनर्वसन पहिल्या ओळीत येईल. जहाजं निघायची तारीख ठरली तर तयारीला वेळ मिळतो: प्रशिक्षण, हॉटेलांत आणि जलवाहतुकीत कामं, सरकारी मदत. तारीखच नसेल तर त्या मुलीची नोकरीही सहा-सहा महिन्यांवर टांगलेली असते. आणि धंद्याने स्वतःहून पाठ फिरवली तर तिला नोटीस तरी कोण देणार आहे? अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीने १९७६ मध्ये मतदान घेऊन कॅसिनो आणले, शहर वर येईल या आशेने. पहिला १९७८ मध्ये उघडला. शेजारच्या राज्यांनीही मग तोच धंदा सुरू केला, गिऱ्हाईक वाटलं गेलं, आणि एकट्या २०१४ सालात तिथले चार कॅसिनो बंद पडले. हजारो माणसं एका वर्षात घरी बसली. ज्या शहराने दुसरं काही जोपासलंच नव्हतं, त्याच्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं.

आमच्या अधिकारात नाही, असं उत्तर तुमच्याकडून येईल याची मला कल्पना आहे. जुगार हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय, महापालिकेच्या ठरावाने नांगर उचलले जात नाहीत. कबूल. पण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातही नेमकं हेच सांगितलं गेलं होतं. ते शहर ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने २००४ साली, ऐन अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, स्लॉट मशीनचा कायदा केला आणि त्या एका शहराला दोन कॅसिनो ठरवून टाकले. शहराला कुणी विचारलं नाही. वस्तीतल्या लोकांनी आधी कागद मागितले: आराखडे, वाहतुकीचे अहवाल. मिळेनात तेव्हा आम्हीच शोधतो म्हणत जुगार मंडळाच्या कार्यालयावर गेले आणि अटक झाली. मग घरांपासून, शाळांपासून, प्रार्थनास्थळांपासून पंधराशे फुटांच्या आत कॅसिनो नको, या प्रश्नावर मतदान घ्या म्हणून त्यांनी २७,००० च्या वर सह्या गोळा केल्या. आणि तिथल्या नगर परिषदेने तो प्रश्न मतपत्रिकेवर घ्यायला मंजुरी दिली. अधिकार राज्याचाच होता, तरी दिली. २००७ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान अडवलं, तर लोकांनी मे महिन्यात स्वतःच्या पेट्या मांडून मतं घेतली. सगळं जिंकले नाहीत ते. एक कॅसिनो २०१० मध्ये उघडला. दुसऱ्याची जागा बदलत राहिली, चायनाटाउनच्या लोकांनी आपल्याजवळची जागा नाकारली, आणि २०१० च्या डिसेंबरात तो परवानाच रद्द झाला. वर्षांनंतर तो दुसऱ्यांना दुसऱ्या जागी मिळाला आणि २०२१ मध्ये तिथे कॅसिनो आला. मी हे अपयशासकट सांगते आहे, कारण लढणाऱ्यांना खोटा धीर देऊ नये. पण त्या शहराच्या नगरसेवकांनी आपण कुठल्या बाजूला आहोत हे कागदावर नोंदवलं. ते कागद आजही आहेत.

तुमच्याकडून मला तेच हवं आहे. जहाजांची किनाऱ्यावरची कार्यालयं, त्यांचे फलक, त्यांचा कचरा, त्यांच्यामुळे होणारं पार्किंग हे तुमच्या दारातले विषय आहेत. त्यांच्याकडून किती येणं आहे, किती आलं, कचरा उचलायला महापालिकेचा किती खर्च होतो, हे एका पानावर लिहून महापालिकेच्या फळ्यावर लावा. मला वाचता येतं, आणि ज्यांना येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन. नंतर एक विशेष सभा बोलवा, तिच्यात शहरातल्या लोकांना बोलू द्या. त्या मुलीच्या आईलाही. आणि सभेच्या शेवटी ठराव करा, ज्यात "लवकरात लवकर" आणि "पर्यायी जागा मिळेपर्यंत" हे शब्द नसतील. दिवस, महिना, वर्ष असेल. प्रत्येक नगरसेवकाने हात वर करून मत द्यावं आणि नावानिशी इतिवृत्तात लिहिलं जावं. तुम्ही तीस जण आहात, नोंद करायला वेळ लागणार नाही. विरोधात मत द्यायचं असेल तर जरूर द्या, मतदाराला ते कळू द्या, एवढंच. सरकारने तो ठराव फेकून दिला तर तेही आम्ही लोकांना सांगू.

आमच्या सह्यांचे कागद मी महापालिकेच्या कार्यालयात आणून देईन आणि पोच घेऊन जाईन. सभेची तारीख ठरली की कळवा. मी वरच्या बाकावर येऊन बसेन, वही-पेन घेऊन.

आपली विश्वासू,
मळ्यातली एक मतदार